रंगाचा रकाना

टॅबमध्ये रंगाला तीनच पर्याय:
पांढरा, काळा, मिश्र.
मी पशुगणनेची बाई, उदगीर तालुका.
सकाळपासून सत्तावीस गोठे,
सत्तावीस वेळा मिश्र.

शिदराम बिराजदारांकडे तीन गायी, एक वासरू.
‘मिश्रच लिहू ना?’
कडब्याची पेंढी हातात तशीच राहिली त्यांच्या.
‘मिश्र म्हंजे काय ओ बाई? खिचडी हाय का?’
आणि हजेरी घ्यावी तसे एकेकीपाशी थांबत,
‘ही शेवऱ्यातली. शाई शिंपडल्यावानी डाग बगा.
ही बालंक्या, डाग औषधाला घावायचा न्हाई.
अन् ही म्हातारी, वानेरा.’

‘इतर’च्या चौकटीत मी लिहिलं: वानेरा.
खाली लाल रेघ.
टॅबनं सुचवलं: वानर.
मी ओशाळून पुसायला गेले तर ते हसले,
‘बराबर सांगतंय की यंत्र!
वानराचं तोंड काळं, अंग पांढरं.
हिचं बी तसंच.’

म्हणजे कधीतरी कुणीतरी
दुपारच्या वडाखाली आडवं झालं असणार.
वर फांदीवर वानर,
खाली रवंथ करणारी गाय,
त्यानं एकदा वर पाहिलं, एकदा खाली.
एवढंच झालं असणार.

वड रस्त्याच्या रुंदीकरणात गेला.
वानरांसाठी माझ्या फॉर्ममध्ये पान नाही.

गंगव्वा चरवी घेऊन आल्या.
कासेला हात लावण्याआधी म्हणाल्या, ‘बा, नम्मव्व, बा.’
मराठीत बोललं तर पान्हा चोरते म्हणे ही.
बैलांना मात्र मराठीच लागते, तीही शिव्यांसकट.
आणि हाळीच्या बाजारात रुमालाखाली
शिदरामांची बोटं धरून बसतात खाजामियाँ:
भाव बोटांत, तोंडानं दखनी,
‘दात नक्को देखो पटेल, चाल देखो.’
तिघांचं तिघांना कळतं,
रुमालाखालचं फक्त दोघांना.
जर्शीचा भाव फोनवर ठरतो, लिटरवर.
रुमाल आता घाम पुसायला.

गायरानाचं विचारलं.
‘तितं सोलारच्या काचा बशिवल्यात.’
काचांच्या खाली काय उगवतं?
‘पवन्या व्हता. शेडा व्हता. मारवेल.’
नववीतला नातू बसवराज मोबाइलमधून मान वर करून,
‘आज्जा, सगळं गवतच की.’
आजोबा काही बोलले नाहीत.
मीही नाही. मला कुठं येतं वेगळं ओळखता?
माझी आई भाकरीच्या पापुद्र्यावरून
ज्वारीचं नाव सांगायची.
दगडी एवढं एक लक्षात आहे.
बाकीची तिच्याबरोबर गेली,
मी तेव्हा बी.एड.ची फी भरण्याच्या रांगेत होते.

शेवटी वासरू.
जर्शीचं वीर्य, आई वानेरा.
मातकट राखाडी, एक कान काळा,
पाठीवर कुणी चिमूट सांडल्यासारखं काहीतरी.
शिदराम त्याच्याभोवती दोन फेऱ्या फिरले,
तोंडातल्या तोंडात तिन्ही नावं लावून बघितली.
एकही बसेना.
‘ह्याला आमच्यात शबुद न्हाई,’ म्हणाले,
आणि पहिल्यांदाच मला ‘मिश्र’वर बोट ठेवू दिलं.

मी ठेवणार, इतक्यात गंगव्वा,
धार न थांबवता, मान न वळवता:
‘राखुंडी.’

बसवराज खदखदून हसला.
मग उठून गेला, वासराचा कान हातात घेतला,
आणि हळूच म्हणून पाहिलं,
राखुंडे.
वासरानं त्याची मनगटं चाटली.

रकाना मी मिश्रच भरला.
‘इतर’मध्ये वीस अक्षरं मावतात, तीन वापरली.
लाल रेघ आली. राहू दिली.
पुढच्या गोठ्याकडे जाताना
बॅटरी नऊ टक्के होती.